मेघालयातल्या गुहांच्या मोजणीला जायचंय. नुसतं रॅपलिंग येऊन भागेल का?

सांदणवेडी, नाशिक

नमस्कार मंडळी. थोडं लांब लिहितेय, सांभाळून घ्या.

सात वर्षं सह्याद्रीत भटकतेय. सांदण दरी तीनदा, कोकणकडा दोरावरून एकदा, नागफणीला व्हॅली क्रॉसिंग. पोटापाण्यासाठी एका आर्किटेक्टकडे ड्राफ्टिंग करते. येत्या फेब्रुवारीत मेघालयात, जैंतिया टेकड्यांमध्ये तीन आठवड्यांची गुहा-मोहीम आहे आणि तिच्यात मला शिकाऊ म्हणून घेतलंय. नव्या गुहा शोधायच्या, आत शिरायचं आणि मोजून नकाशा करायचा, असं काम. पत्रात एक ओळ आहे: "सर्व्हे टीममध्ये स्केच काढायची तयारी ठेवा." ती वाचून आधी आनंद झाला, मग पोटात गोळा आला.

प्रश्न तीन. एक, माझं रॅपलिंग, म्हणजे दोरावरून उतरणं, पुरेसं आहे का? दोन, तिथे जीपीएस चालत नाही हे कळतं, मग अंधारात नकाशा काढतात म्हणजे नेमकं काय करतात? आणि तीन, बाबा. २०१८ साली थायलंडच्या गुहेत ती फुटबॉल खेळणारी मुलं अडकली होती, तेव्हा ते आठवडाभर टीव्हीसमोर बसून होते. आता मी 'गुहा' म्हटलं की रिमोट घेऊन आवाज वाढवतात.

कुणी जाऊन आलंय का?


गडकोटी, ठाणे

अहो, कोकणकडा उतरलात ना? मग गुहा म्हणजे किस झाड की पत्ती! दोर तोच, हार्नेस तोच, फक्त लाइट नाही. हेडटॉर्चला चांगले सेल टाका आणि बिनधास्त जा. बाबांना सांगा अजिंठ्यासारखंच असतं. फोटो टाका मात्र.


शंकूसाखळी, वाई

गडकोटी साहेब, रागावू नका, पण तुमचं ऐकून ही मुलगी गेली आणि दोरावर लटकून राहिली, तर तिचे वडील तुमचा पत्ता विचारत ठाण्याला येतील.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो, एकतीस वर्षं. लोकांच्या शेताचे बांध मोजले आणि त्यांच्या शिव्या खाल्ल्या. निवृत्तीनंतर दोनदा जैंतिया टेकड्यांत गेलो, दोन्ही वेळा फेब्रुवारीत, एकदा साठाव्या वर्षी आणि एकदा बासष्टाव्या. मला नेलं ते मोजणी येते म्हणून, पाय चांगले आहेत म्हणून नव्हे. पायांनी दोन्ही खेपेला तक्रार नोंदवली.

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, भागणार नाही. सह्याद्रीत आपण दोरावरून उतरतो आणि खालून चालत घरी जातो. कोकणकडा उतरलीस की खाली बेलपाडा आहे, चहा आहे, जीप आहे. गुहेत खाली बेलपाडा नाही. ज्या दोराने उतरलीस त्याच दोराने वर यायचं, तेही दहा तास ओल्या कपड्यांत काम केल्यावर, कमरेला चिखलाने जड झालेली पिशवी लोंबत असताना. तुला उतरता येतं. शिकायचंय ते चढणं.

त्याची पद्धत अशी. दोरावर वर सरकते पण खाली सरकत नाही अशी छातीवर एक पकड, तशीच हातात एक पकड, आणि हातातल्या पकडीला रिकिबीसारखी पायदोरी. पाय पोटाशी घ्यायचे, रिकिबीत उभं राहायचं, छातीवरची पकड वर सरकते, मग तिच्यावर बसायचं. पुन्हा पाय पोटाशी. बेडकासारखं दिसतं आणि त्या पद्धतीचं नावही 'फ्रॉग'च आहे. दोन दिवसांत जमतं. न जमणारी गोष्ट पुढे आहे. दोर कपारीला घासू नये म्हणून तो अधेमधे पुन्हा खडकाला बांधलेला असतो, त्याला रीबिले म्हणतात. तिथे एका दोरावरून सुटून दुसऱ्यावर जायचं असतं, लोंबकळत, आणि पूर्ण वेळ किमान दोन ठिकाणी अडकलेलं राहायचं असतं. आपली ती फिगर ऑफ एट, म्हणजे दोर ओवून उतरायची आठच्या आकाराची कडी, मात्र घरीच ठेव. ती दोराला पीळ घालते, आणि प्रत्येक रीबिलेवर ती कॅराबिनरमधून (हार्नेसला अडकवलेल्या उघडझाप कडीतून) काढून पुन्हा घालावी लागते. ओल्या हातमोज्यातून एकदा निसटली की खालून फक्त टण्ण असा आवाज येतो. त्यानंतर तू आणि दोर.

मी कुठे शिकलो? आमच्या मळ्यातल्या विहिरीत. साठ फूट खोल, उन्हाळ्यात तळाला पंधरा फूट पाणी. पुतण्याचा एक मित्र प्रस्तरारोहण शिकवतो, त्याने विहिरीच्या काठावर दोर लावून दिला, शेजारी दुसरा सुरक्षेचा दोर, आणि वर कायम एक माणूस. दीड महिना रोज संध्याकाळी बेडूक झालो. गावात कंडी उठली की रिटायर झाल्यावर मोजणीदाराचं डोकं फिरलंय. पण पहिल्या दिवशी तिथे जंगलात झुडपं बाजूला केल्यावर जे तोंड दिसलं, ते ३८ मीटर सरळ खाली होतं. मनात म्हटलं, आपल्याच दोन विहिरी एकावर एक. तेवढ्या एका विचाराने हात स्थिर राहिले.

आता दुसरा प्रश्न. हा माझा प्रांत, तेव्हा इथे जरा बसतो.

गुहेची मोजणी आपल्या जुन्या साखळीच्या मोजणीसारखी असते. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची शंकू साखळी ज्याने ओढलीय त्याला ती लगेच कळते. खडकावर एक खूण धरायची, तिथून दिसेल अशी पुढची खूण शोधायची, आणि दोन खुणांमधल्या तीन गोष्टी टिपायच्या: अंतर, दिशाकोन आणि चढउताराचा कोन. शिवाय प्रत्येक खुणेपाशी डावी भिंत किती दूर, उजवी किती, छत किती, जमीन किती. मग पुढच्या खुणेवर जायचं आणि पुन्हा तेच, दिवसभर. आता डिस्टोएक्स नावाचं यंत्र आलंय, लेझरच्या एका ठिपक्यात तिन्ही आकडे देतं आणि मोबाइलला पाठवतं. पण माझ्या पहिल्या खेपेला आमच्या तुकडीचं यंत्र तिसऱ्या दिवशी पाणी पिऊन मेलं आणि आम्ही सुंटोचं होकायंत्र, क्लायनोमीटर (चढउताराचा कोन मोजायचं यंत्र) आणि टेप यांच्यावर आलो. तुला दोन्ही यायला हवं.

तुकडी तिघांची. एक पुढे जाऊन खुणा धरतो, एक यंत्र वाचतो, एक वही धरतो. वहीवाला सगळ्यात जास्त कुडकुडतो, कारण तो हलत नाही. तिकडच्या गुहा थंड नाहीत, साधारण १८ ते २० अंश. पण कमरेएवढ्या नदीत उभं राहून वीस मिनिटं भिंतीचं वळण रेखाटलं की दात वाजायला लागतात. वहीचं काम तुझ्याकडे येणार आहे. निओप्रीनचा, म्हणजे पाण्यात ऊब राखणाऱ्या रबरी कापडाचा, सूट चांगला घे, तिथे पैसे वाचवू नकोस.

आणि लोखंड सांभाळ. यंत्र मेल्यावर पहिल्या दिवशी मी होकायंत्र डोळ्याला लावून आकडे सांगत होतो. प्रत्येक टप्पा, म्हणजे दोन खुणांमधला तुकडा, उलटा बघून ताळा करायचा असतो, पुढून बघितलेला आणि मागून बघितलेला कोन यांच्यात बरोबर १८० चा फरक हवा. माझ्या आकड्यांत सात सात अंशांची तफावत यायला लागली. होकायंत्र बदललं, तरी तेच. कॅराबिनर लांब ठेवले, तरी तेच. शेवटी तुकडीतल्या एकाने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, चष्मा काढा. जवळचं वाचायचा स्टीलच्या काडीचा चष्मा, होकायंत्रापासून दोन बोटांवर! तो काढला की कोन जुळायचा, पण आकडा दिसायचा नाही. त्या दिवशीचे सगळे टप्पे दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले. एक अंश चुकला तर १० मीटरवर १७ सेंटिमीटरचा फरक पडतो, सात अंशांचं गणित तूच कर. आता माझ्याकडे प्लॅस्टिकचा चष्मा आहे, बाजारातला, नव्वद रुपयांचा.

वेगाची कल्पना यावी म्हणून एक सांगतो. रुंद नदीच्या भुयारात दिवसाला चारशे मीटर होतात. एकदा सरपटत जायच्या चिंचोळ्या वाटेत अकरा तास काढले आणि ९४ मीटर झाले. ९४! आमच्या घरापासून एसटी थांबा त्याहून लांब आहे.

वडिलांना काय सांगायचं? अजिंठ्यासारखं असतं असं मुळीच सांगू नकोस, खोटं बोलून गेलीस तर पुढच्या वर्षी कोण सोडेल? त्यांना मोहिमेच्या मुक्कामावरच्या फळ्याबद्दल सांग. आत जाणारी प्रत्येक तुकडी फळ्यावर नावं, गुहा, कुठल्या भागात जाणार आणि किती वाजेपर्यंत बाहेर येणार ते लिहून जाते. ती वेळ टळली की बाकीचे जेवण सोडून निघतात. आम्ही एकदा पन्नास मिनिटं उशिरा आलो, तर दोघं हेल्मेट घालून वाटेतच भेटले. कोणी काही बोललं नाही, पण मला आमच्या जुन्या तहसीलदारांपुढे उभं राहिल्यासारखं वाटलं.


चुनखडी, नागपूर

काकांनी सगळं सांगितलंच आहे. मी भूशास्त्राचा माणूस, गुहेत फारसा नाही, गुहांच्या खडकात जास्त. दोन दुरुस्त्या आणि थोडी भर.

गडकोटी, अजिंठा ही लेणी आहेत, माणसाने छिन्नीने कोरलेली. सह्याद्री बेसाल्टचा, म्हणजे लाव्हाचा, आणि बेसाल्ट पाण्यात विरघळत नाही. म्हणून महाराष्ट्राला लेणी भरपूर आणि किलोमीटरच्या किलोमीटर जाणाऱ्या नैसर्गिक गुहा जवळजवळ नाहीतच. चुनखडकाचं तसं नाही. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, भेगांतून उतरतं आणि खडक चाटत जातं. मेघालयाच्या दक्षिण उतारावर चुनखडकाची लांब पट्टी आहे आणि तिच्या डोक्यावर जगातला सगळ्यात जास्त पाऊस. मावसिनरामची वर्षाची सरासरी ११,८०० मिलिमीटरच्या पुढे आहे. नाशिककरांनी हा आकडा दोनदा वाचावा. मोहिमा फेब्रुवारीत का असतात तेही त्यातच आलं.

तिथे गुहेला 'क्रेम' म्हणतात. जैंतियातली क्रेम लियात प्राह ३० किलोमीटरच्या वर मोजली गेली आहे आणि तिच्यातल्या एका प्रचंड दालनाला मोजणाऱ्यांनी 'एअरक्राफ्ट हँगर' नाव दिलंय. गंमत म्हणजे मावसिनरामजवळची 'क्रेम पुरी' ही गुहा चुनखडकातली नाहीच, वालुकाश्मातली आहे, आणि तरी २०१८ साली ती साडेचोवीस किलोमीटर भरली. आमच्यासारख्यांना त्या बातमीने पुस्तकं पुन्हा उघडायला लावली. याच राज्यात सोहरा, म्हणजे चेरापुंजीजवळ क्रेम मावम्लुह आहे. तिथल्या एका लवणस्तंभात ४२०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळाची खूण सापडली, आणि त्यावरून २०१८ मध्ये भूशास्त्रीय कालगणनेतल्या सध्याच्या कालखंडाला 'मेघालयन' हे नाव मिळालं. आपण सगळे मेघालयन काळात राहतो, वाईतसुद्धा.

या मोजणीला परंपरा आहे. गारो टेकड्यांतल्या सिजू गुहेत १९२२ साली केम्प आणि चोप्रा हे दोन प्राणिशास्त्रज्ञ शिरले आणि आतल्या जिवांची यादीच करून आले. पद्धतशीर मोहिमा १९९२ पासून, 'अबोड ऑफ क्लाउड्स' या नावाने, मेघालय ॲडव्हेंचरर्स असोसिएशन आणि युरोपातले गुहावाले मिळून करत आले. अजूनही नवं निघतंच आहे. जैंतियातल्या क्रेम उम लादॉमध्ये चाळीस सेंटिमीटरहून लांब, फिकट, आंधळे मासे आहेत. जमिनीखालच्या माशांत जगातले सगळ्यात मोठे. २०२३ मध्ये त्यांना स्वतंत्र जात म्हणून नाव मिळालं, निओलिसोकायलस प्नार. तिथल्या प्नार लोकांवरून.

खोलीबद्दल मात्र गैरसमज नको. मेघालयातल्या गुहा लांब आहेत, फार खोल नाहीत. विवरातून उतरायचं आणि मग नदीच्या पातळीला आडवं चालायचं, असा मामला. खरी खोली जिथे चुनखडक जाड आणि डोंगर उंच तिथे. काळ्या समुद्राकाठच्या अबखाझियाच्या अराबिका डोंगरातली क्रुबेरा ही २००४ साली २००० मीटरच्या खाली गेलेली पहिली गुहा. शेजारचीच वेरिओवकिना २०१८ मध्ये २२१२ मीटर भरली. कळसूबाई समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर आहे, म्हणजे ती आख्खी उलटी करून आत सोडली तरी तळ पाचशे मीटरहून जास्त खाली राहतो. २०१८ मध्येच वेरिओवकिनात खोल मुक्काम ठोकलेल्या तुकडीवर पुराचं पाणी चढत आलं होतं, ते लोक सामान तिथेच टाकून दोरावरून जिवानिशी वर निघाले.

सराव म्हणून आधी चुनखडकाची गुहा नुसती बघायची असेल तर आंध्रातली बेलम आहे, तीन किलोमीटरच्या वर. काही भागात दिवे आणि फरशी आहे, तरी खडक कसा विरघळतो ते दिसतं. बस्तरमधली कुटुमसर मला स्वतःला जास्त आवडते.


सांदणवेडी, नाशिक

काका, चुनखडी, खूप खूप आभार. काकांचा प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. बाबा पेपरामागे होते, पण बराच वेळ पान उलटलं नाही.

आता एक अवघड प्रश्न, इथेच विचारते. दहा-अकरा तास आत, अंगात वरपासून खालपर्यंत एकसंध सूट, तुकडीत कदाचित मी एकटीच मुलगी. नैसर्गिक विधीचं काय? आणि नेमकी त्याच आठवड्यात पाळी आली तर? आणि खायला काय न्यायचं?


ऋता, पुणे

हे विचारलंस ते बरं केलंस. मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी पहिल्या दिवशी पाणीच प्यायले नाही. संध्याकाळी दोरावर चढताना डोळ्यांपुढे काजवे. तो मूर्खपणा करू नकोस.

रुंद तोंडाची बाटली ने, वर नाव लिहून, पाण्याच्या बाटलीपेक्षा वेगळ्या आकाराची (अंधारात हाताला कळायला हवं). "पुढच्या वळणावर थांबते" एवढं म्हणायचं, बाकीचे दिवे दुसरीकडे फिरवतात. तिसऱ्या दिवसापासून कोणालाच त्याचं काही वाटत नाही, पुरुषही तेच करत असतात. घट्ट बंद होणाऱ्या पिशव्या जादा ठेव. आत नेलेलं सगळं, म्हणजे खरंच सगळं, बाहेर आणायचं. आतल्या नदीचंच पाणी खाली कुठल्यातरी गावात झरा म्हणून निघतं. पाळीसाठी मी कप वापरते. पण तो आधी तीन-चार महिने घरी वापरून सवय कर, पहिला प्रयोग गुहेत नको. सूट दोन भागांचा मिळाला तर तोच घे.

वटवाघळांची कोरडी विष्ठा साचलेल्या कोरड्या दालनात मास्क लाव. त्या धुळीत एक बुरशी असते, फुप्फुसाला त्रास देते. नदीच्या ओल्या भुयारात तेवढी काळजी नाही.

खायला गुळपोळ्या! चुरल्या तरी खाता येतात, तूप असल्याने पोटाला आधार, आठवडाभर टिकतात. तिथल्या परदेशी मंडळींच्या चॉकलेटच्या बदल्यात माझ्या दहा पोळ्या दोन दिवसांत गेल्या. शेंगदाण्याची चिक्की नेऊ नकोस, थंडीत दात तुटेल अशी होते.

गावात गेलीस की क्वाय पुढे करतील, ओली सुपारी, पान आणि चुना. नाही म्हणू नकोस पण अर्धंच घे. पान खाणाऱ्या पुणेरी माणसाचीही कानशिलं तापतात आणि कपाळाला घाम फुटतो. गावच्या मुखियाला, वाहेह श्नोंगला, भेटल्याशिवाय कुठल्याही विवरात उतरायचं नाही. जमीन त्यांची आहे, आणि कुठे कुठे भोकं आहेत ते त्यांच्याच पोरांना ठाऊक असतं. आपण 'शोधली' म्हणतो ती गुहा त्यांच्या आजीला माहीत असते.


शंकूसाखळी, वाई

ऋताताईंचं शेवटचं वाक्य मोहिमेच्या तंबूवर रंगवून घ्यायला हवं.

स्केचबद्दल एक राहिलं. तू ड्राफ्टिंग करतेस, तुझी रेघ सरळ असणार. ती सवय जरा सैल कर. ऑफिसात भिंत सरळ असते म्हणून रेघ सरळ. तिथे भिंत जशी वळते तशी रेघ. आपल्या जुन्या टिपणात जसं झाड, विहीर, बांधाचा कोपरा दाखवायचे, तसं गुहेच्या टिपणात पडलेले दगड, वाळू, पाण्याची दिशा, छतातली भेग, सगळं त्या त्या चिन्हाने. वरून दिसणारा आराखडा वेगळा, बाजूने दिसणारा वेगळा, आणि दर थोड्या अंतराने आडवा छेद. तिन्ही तिथेच उभं राहून काढायचं. "बाहेर जाऊन आठवून काढू" म्हणालीस की संपलं. बाहेर आल्यावर आठवतो तो फक्त चहा. पेन्सिल दोऱ्याने वहीला बांध, दुसरी गळ्यात. खोडरबरही बांध, तो पाण्यावर तरंगत जाताना मी पाहिलाय.

आणि आता माझी फजिती, कारण तिच्यातून तुझा फायदा आहे.

दुसऱ्या खेपेला आम्ही एक फाटा मोजत वर वर जात होतो. चौथ्या दिवशी एका चिखलाच्या चढावर पुढचा माणूस थांबला आणि हसायला लागला. खडकावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. खुणेला नेलपॉलिशच लावतात, पाण्याने जात नाही. तो ठिपका आमचा नव्हता, दुसऱ्या बाजूने आलेल्या तुकडीचा होता. म्हणजे आम्ही गोल फिरून त्यांच्याच वाटेला येऊन मिळालो होतो. मोजणीदाराला याहून मोठी मेजवानी नाही. एकाच खुणेचे दोन वेगळ्या रस्त्यांनी दोन पत्ते मिळतात, आणि ते जुळतात का ते बघता येतं.

रात्री आकडे लॅपटॉपवर भरले. ११४० मीटरचा वेढा, आणि दोन टोकांत ९.६ मीटरची फट! एक टक्क्याच्या आत आहे, चालतं, असं सगळे म्हणाले आणि झोपायला गेले. मला झोप येईना. शेताच्या मोजणीत नऊ मीटर चुकलो असतो तर दोन सख्खे भाऊ कुऱ्हाड घेऊन उभे राहिले असते. हेडटॉर्च लावून वही पानापानाने वाचली. अडीचच्या सुमाराला सापडलं. २४ मीटरचा एक टप्पा, दिशाकोन २१३. त्याच्या आधीचा २२८, नंतरचा २३४, आणि माझ्याच स्केचमध्ये वाट तिथे सरळ जातेय. २१३ कसा असेल? तो २३१ असणार.

चूक कशी झाली त्याचा विचार करत बसलो. यंत्र वाचणारा गडी जर्मन होता, इंग्रजीत आकडा सांगायचा. मी तो मनात मराठीत करून लिहायचो. मराठीत म्हणतो आपण 'एकतीस', म्हणजे एक आधी आणि तीस नंतर. दोनशे लिहिलं, मग 'एक' कानात आला तो लिहिला, मग तीन. झाले २१३. सकाळी त्याला सांगितलं तर तो कपाळावर हात मारून हसला. म्हणे आमच्या भाषेतही 'एक आणि तीस'च म्हणतात, मीसुद्धा ही चूक करतो! सातासमुद्रापलीकडचा माणूस, पण दोघांची एकम दहम एकाच जागी उलटी. मग आम्ही ठरवलं, संख्या म्हणायची नाहीच, अंक म्हणायचे: दोन, तीन, एक. आणि लिहिणाऱ्याने तेच मोठ्याने परत म्हणायचं. त्याच दिवशी आत जाऊन तो टप्पा पुन्हा मोजला. २३१. फट ९.६ वरून २.१ मीटरवर आली.

हे तू पहिल्याच दिवशी तुकडीला सांग. वय लहान आहे म्हणून संकोच करू नकोस.

पाण्याचंही सांगतो. फेब्रुवारी कोरडा असला तरी वळिवासारखी एखादी सर येते. आत शिरल्यावर मान वर करून छताकडे बघत चालायची सवय लाव. छताच्या फटीत बांबूची काटकी किंवा पाचोळा अडकलेला दिसला, तर पाणी कधीतरी तिथवर येतं. मग परतीची वाट कुठली, उंचावर बसायला जागा कुठे, हे आधी बघून ठेवायचं. आणि नदीचा आवाज बदलला तर मोजणी तिथल्या तिथे सोडायची. आम्ही एकदा सोडली, अर्ध्या टप्प्यावर. पाणी काही चढलं नाही. तरी कोणी कोणाला नावं ठेवली नाहीत.


चुनखडी, नागपूर

काकांच्या २.१ मीटरला सलाम. आणि बाबांसाठी एक खरी गोष्ट, लपवायची नाही अशी: जर्मनीतल्या रिझेंडिंग गुहेत २०१४ साली सुमारे हजार मीटर खोलीवर एकाच्या डोक्यात दगड पडला. ८ जूनला अपघात, १९ जूनला तो बाहेर. पाच देशांतली सातशेहून जास्त माणसं त्या कामी लागली. तो जगला. अनेक देशांतले गुहावाले एकमेकांसाठी धावतात हे खरं, आणि साधी दुखापतही आत किती महाग पडते हेही तितकंच खरं. बाबांना दोन्ही सांगा.


गडकोटी, ठाणे

मी माझे शब्द मागे घेतो. (आणि फिगर ऑफ एटही घरी ठेवतो.) काका, वाईला आलो तर विहीर दाखवाल का?


शंकूसाखळी, वाई

या. मात्र जेवायच्या आधी. पोट भरल्यावर बेडूक होता येत नाही.


सांदणवेडी, नाशिक

अपडेट. दिंडोरीजवळ मामाच्या ओळखीच्यांची विहीर मिळाली, पंचावन्न फूट. क्लबातले दोन सीनियर आले होते, सुरक्षेचा दोर वेगळा, सगळं काकांनी सांगितलं तसं. पहिल्या दिवशी वर यायला २६ मिनिटं लागली आणि मांड्या अजून बोलतायत. रीबिलेवर दहा मिनिटं नुसती लोंबत होते, कुठली पकड आधी सोडायची तेच कळेना. शेवटी वरून एकेक पायरी ओरडून सांगावी लागली.

विहिरीचे मालक काठावर येऊन उकिडवे बसले होते. बराच वेळ बघून मला म्हणाले, "मोटर पडली का ताई? आमची तर वर हाय."

बाबाही आले होते. 'गाडी चालवायला' म्हणून. गाडीतून उतरणार नाही म्हणाले होते, पण तिसऱ्या खेपेला मी वर डोकं काढलं तेव्हा ते हातात मोबाइल घेऊन उभे होते, स्टॉपवॉच लावून. "एकोणीस मिनिटं," म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, अंक सांगा." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मोबाइलकडे, आणि म्हणाले, "एक, नऊ."